चौदा टेबलं, ताजी फळं आणि मे महिना: चोपडा तालुक्यातल्या एका साखरपुड्याची मांडणी

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), मे महिन्याच्या सुरुवातीला साखरपुडा होता. मुलीकडची मंडळी केळी बागायतदार. कार्यक्रम संध्याकाळी सातचा, जेवणं साडेदहापर्यंत. जागा म्हणजे पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय. थंडाव्याला मोठे कूलर होते, एसी नाही. पंगतीऐवजी पाच फुटी गोल टेबलं चौदा, प्रत्येकाभोवती आठ खुर्च्या, आणि दाराजवळ एक लांब स्वागताचं टेबल. टेबलांच्या मधोमध फुलांऐवजी ताज्या फळांची सजावट हवी, अशी मागणी होती. काम तालुक्यातल्याच एका महिला बचत गटातल्या चौघींनी घेतलं. रुखवत मांडण्यात चौघी तरबेज, आणि टरबुजावर कोरीवकाम करणारी एक त्यांच्यात होती. भर उन्हाळ्यात फळांची मांडणी पाच-साडेपाच तास ताजी ठेवायचं काम मात्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

सुरुवातीचा आराखडा मोबाइलवरच्या फोटोंवरून ठरला. अननस उभा चिरून त्याची होडी करायची आणि तीत टरबूज-खरबुजाचे गोळे भरायचे. सफरचंदाचे हंस, किवीच्या चकत्या आणि टूथपिकला टोचलेली द्राक्षं फुलं खोचायच्या हिरव्या फोममध्ये बसवायची. आठवडाभर आधी त्याच कार्यालयात, कूलर चालू ठेवून, दुपारी तीनला एका टेबलावर चाचणी घेतली. खर्च एका टेबलाच्या फळांचा झाला आणि चौदा टेबलांचा वाचला. अशा कामात चाचणी त्याच जागी आणि त्याच उकाड्यात घ्यावी. घरातल्या थंड खोलीत सगळंच छान दिसतं.

चाचणीच्या वेळी आत ३८ अंश होते. अर्ध्या तासात हंसांच्या माना तांबूस झाल्या. लिंबू लावलेलं होतं, पण लिटरभर पाण्याला दोन चमचे रस म्हणजे नावापुरतं. पाऊण तासात गोळ्यांना पाणी सुटून ताटाच्या काठाशी रस जमला. सव्वा तासात अननसाच्या होडीचं टोक खाली वाकलं, कारण ओला फोम वजनानं दबला आणि काड्यांची भोकं सैल झाली. दोन तासांनी माशा आल्या, त्यामागोमाग टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग. पांढऱ्या कापडावर रसाचे गोल डाग पडले ते वेगळेच.

या सगळ्याचं मूळ एकच, कापलेला पृष्ठभाग. फळ कापलं की पेशी फुटतात. सफरचंद, पेरू, चिकू, केळं यांच्यात फुटलेल्या पेशींतलं विकर (एन्झाइम) आणि फिनॉलिक द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच गर तपकिरी करतात, आणि उष्णता वाढेल तसा हा वेग वाढतो. आम्ल लावलं की तो मंदावतो, थांबत नाही. खरोखर परिणाम हवा असेल तर लिटरला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ५ ग्रॅम व्हिटॅमिन सी यांच्या द्रावणात फोडी तीन-चार मिनिटं बुडवाव्या लागतात. त्यानंही तास-दोन तास हाती लागतात आणि फळ आंबट होतं. टरबूज काळवंडत नाही, पण त्याला पाणी सुटतं. वरून खानदेशातली मे महिन्याची कोरडी हवा गोळ्याची बाहेरची कड सुकवते आणि खाली रस साचतो, म्हणजे सुकणं आणि गळणं एकाच वेळी. त्यातून आरोग्याचा प्रश्न आहेच. कापलेलं फळ ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात तासाभराहून जास्त उघडं ठेवून खायला द्यायचं नाही, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम. साडेपाच तास टेबलावर राहिलेली फोड म्हणजे कचराच. फोमचीही तीच गत. तो फुलांसाठी बनवलेला असतो आणि त्याचा भुगा फळाला चिकटतो, तेव्हा खायच्या फळाजवळ त्याला थाराच देऊ नये.

चाचणी बघायला मुलीची आजी आली होती. ताटाकडे बघून तिनं एवढंच विचारलं, “हाई खावानं शे का नुसतं दखाडानं?” म्हणजे हे खायचं आहे की नुसतं दाखवायचं? चौघींनी नवा आराखडा याच प्रश्नावर बेतला.

ठरलं असं की टेबलावर फक्त अख्खी फळं येतील. कोरीवकाम फक्त स्वागताच्या टेबलावरच्या दोन टरबुजांवर, तेही सालीपुरतं. खायची कापलेली फळं आचाऱ्याकडे, बर्फावर, वाढायच्या वेळी बाहेर येतील. आणि कार्यक्रम संपला की मांडणीतलं जवळपास सगळं पाहुण्यांना वाटता आलं पाहिजे, म्हणून वाटायच्या फळात काडी घुसवायची नाही.

बैठक: केळीचा बुंधा

अख्खी फळं नुसती रचली की फळवाल्याची गाडी दिसते. मांडणी वाटायची तर उंचीचे टप्पे हवेत, आणि टप्प्यांसाठी खाली घट्ट काहीतरी हवं. केळीच्या गावात त्याचं उत्तर बांधावर पडलेलं असतं. घड कापल्यावर झाडाचा बुंधा नाहीतरी तोडावाच लागतो.

ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या बुंध्याचा मधला भाग साधारण आठ इंच जाड भरतो. त्याचे नऊ-नऊ इंचांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा उभा मधोमध चिरला की दोन अर्धगोल बैठका मिळतात. सपाट बाजू खाली ठेवली की उंची चार इंच. वजन अडीच-तीन किलो भरतं, त्यामुळे पोरांचा धक्का लागला तरी मांडणी हलत नाही. चौदा बैठकांना सात तुकडे, म्हणजे सव्वापाच फूट बुंधा पुरतो. तरी दोन झाडांचे बुंधे आणावेत. खालचा भाग फार जाड आणि वरचा सडपातळ निघतो, शिवाय एखादा तुकडा चिरताना फाटतोच.

बुंध्याचे त्रास तीन, आणि तिन्ही आधी माहीत असावेत.

पहिला चीक. ताज्या बुंध्यातून निघणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण कापडावर पडून वाळलं की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो धुतला तरी जात नाही. तुकडे आदल्या दिवशी सकाळीच कापावेत, तिरके उभे करून सहा-सात तास निथळू द्यावेत, मग मिठाच्या पाण्यानं पुसून कोरडे करावेत. कापलेल्या सगळ्या कडांवर पारदर्शक फिल्मचे दोन वेढे द्यावेत. एवढं करूनही बैठक थेट कापडावर ठेवायची नाही, खाली काठाचं स्टीलचं ताट हवंच.

दुसरा त्रास सोपटांचा. बुंधा म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं, चिरला की ती सुटायला लागतात. दोन्ही टोकांपासून इंचभर आत सुतळीचे घट्ट वेढे मारावेत आणि ते फिल्मच्या आत राहावेत.

तिसरा त्रास काडीच्या पकडीचा. बाहेरची सोपटं आतून पोकळ, हवेचे कप्पे असलेली असतात. तिथं खोचलेली काडी अर्ध्या तासात डुलायला लागते. काडी तिरकी आणि खोल जाऊन आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून दहा इंची बांबूच्या काड्या घ्याव्यात आणि दोन काड्या एकमेकींना छेदतील अशा तिरक्या घालाव्यात. एकदा काढलेली काडी त्याच भोकात परत बसत नाही. जागा चुकली तर बोटभर सरकून नवं भोक पाडावं.

बैठकीवरून केळीचं पान येतं. कच्चं पान दुमडलं की शिरेवर फाटतं. मधला दांडा तासून पान मंद आचेवरून पटकन फिरवलं की रंग गडद होतो आणि पान कापडासारखं वळतं. पानगीसाठी पान शेकतात तसंच, फक्त थोडं कमी. पान बैठकीखाली दुमडून ठेवलं की सुतळी आणि फिल्म दोन्ही झाकलं जातं.

केळी: रंग कुठल्या दिवशी हवा

यजमानांना केळी ठळक हवी होती. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि पाहुणे नाशिक-पुण्याचे, म्हणून हौस साहजिक होती. पण या मांडणीत सर्वांत नाजूक फळ केळीच.

पहिला विचार होता की घरच्याच बागेतला घड चार दिवस आधी उतरवून घरीच पिकवू. मे महिन्यात हे फसतं. ग्रँड नैन जातीचं केळं साधारण २४-२५ अंशांच्या वर पिकू लागलं की आतला गर मऊ होतो, पण सालीतला हिरवा रंग नीट उतरत नाही. केळं हातात घ्यावं तर पिकलेलं, बघावं तर मळकट हिरवं. टेबलावर ते शिळं वाटतं. पिवळाधमक रंग हवा तर १६ ते १८ अंशांच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळ पिकवायच्या थंड खोलीत, फळ पिकवणारा इथिलीन वायू नियमात बसेल तेवढा देऊन पिकवलेली केळीच घ्यावी लागतात. चेंबर नको म्हणून फळं पिकवायच्या कार्बाइडच्या वाटेला जाऊ नये. ते कायद्यानं बंद आहे आणि फळ तुम्ही पाहुण्यांच्या हातात देणार आहात.

व्यापारी केळीच्या रंगाचे सात टप्पे मोजतात. एक म्हणजे पूर्ण हिरवं, सात म्हणजे पिवळ्यावर तपकिरी ठिपके. मांडणीला पाचवा टप्पा लागतो, म्हणजे अंग पिवळं, देठ आणि टोक अजून हिरवट. तोही कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, आदल्या दिवशी नव्हे. सहाव्या-सातव्या टप्प्यातली केळी ४० अंशांच्या उन्हातून टेम्पोत आली की देठाजवळ कमकुवत होतात आणि फणीतून एकेक सुटून पडतात. उष्णता आणि दमट गुंडाळण मिळालं की ही गळ वाढते. म्हणून फण्या जाळीच्या क्रेटमध्ये, एकाच थरात, कागदावर आणाव्यात, वर ताडपत्री घट्ट बांधू नये, आणि फणी कधीही केळ्यांना धरून उचलू नये, बुडाला धरावी. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. १३ अंशांच्या खाली केळ्याची साल राखाडी पडते आणि बाहेर काढल्यावर काळवंडते.

पिवळ्या फणीसोबत एक कच्ची हिरवी फणीही प्रत्येक टेबलावर ठेवली. तिला उकाड्याची भीती नाही, आणि हिरव्याशेजारी पिवळा रंग जास्त खुलतो. फणीचं बूड ताजं कापून तुरटीच्या पाण्यात, लिटरला १० ग्रॅम, दहा मिनिटं बुडवलं. त्यानं चीक थांबतो आणि काप स्वच्छ राहतो. काडी जाते ती फक्त या बुडात. दोन काड्या, इंग्रजी एक्स अक्षरासारख्या, बुडातून बैठकीच्या गाभ्यात. केळ्याला धक्का नाही.

फणी कशी बसवायची यावर अर्धी मांडणी ठरते. बाक खाली आला तर फणी लोंबल्यासारखी, दमलेली दिसते. बाक वर ठेवला, म्हणजे केळ्यांची टोकं आकाशाकडे, तर ती घडावर असते तशी तरतरीत दिसते. घडावरही केळी वरच्याच बाजूला वळलेली असतात. हिरवी फणी मागे उंच, पिवळी पुढे थोडी खाली, दोघींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. गोल टेबलाला मागची बाजू नसते, तेव्हा दोन फण्यांच्या मधल्या मोकळ्या जागा आंबे आणि कैऱ्यांनी भराव्या लागतात, नाहीतर दोन खुर्च्यांना नुसता बुंधा दिसतो.

बाकीचं टेबल

मधोमध सर्वांत उंच केळफूल. उशिरा निसवलेल्या, म्हणजे उशिरा घड बाहेर पडलेल्या झाडांवर मेच्या सुरुवातीला केळफुलं मिळतात, आणि फण्या पूर्ण सुटल्यावर शेतकरी ती तोडतोच, त्यामुळे मोल नाही. चौदाला अठरा आणावीत. चार इंच दांडा ठेवून कापायचं, दांड्यात जाड बांबूची काडी घालून उभं रोवायचं. बैठक चार आणि केळफूल सात-आठ इंच, एकूण बारा इंच झाले. याहून उंच गेलं की समोरासमोर बसलेल्यांची तोंडं झाकली जातात. रुंदीचंही गणित आहे. पाच फुटी टेबलावर आठ ताटं-पेले लागल्यावर मध्ये सुमारे दोन फुटांचं वर्तुळ उरतं, म्हणून मांडणी सोळा-सतरा इंचांत बसवली.

एका टेबलाला लागलेलं सामान:

- १४ इंची काठाचं स्टीलचं ताट, बुंध्याची बैठक, शेकलेली २ पानं
- केळफूल १, हिरवी फणी १ (आठ-नऊ केळ्यांची), पिवळी फणी १ (पाच-सहा केळ्यांची)
- आंबे ३, कैऱ्या देठासकट ५, लिंबं ८
- दहा इंची काड्या ४, केळफुलासाठी जाड काडी १

चौदा टेबलांना मिळून आंबे ४२, म्हणजे नऊ-दहा किलो. कैऱ्या ७०, साधारण तेवढ्याच वजनाच्या. लिंबं पाच किलो. वर दहा टक्के जादा घ्यावं, डागी निघतंच. केशर मिळाला तर रंग चांगला. बदाम आंबा मोठा आणि टिकाऊ, पण फिका दिसतो. कैरीचा देठ दीड-दोन इंच ठेवूनच उतरवावी. देठ तुटला की चीक सालीवरून ओघळतो, काळा पट्टा उमटतो आणि हातालाही चटका बसतो.

आंबा बुंध्याच्या उतारावर ठरत नाही, घरंगळतो. टोचायचा तर नाही. इथं चौघींनी वाळलेल्या सोपटांच्या पट्ट्या दहा मिनिटं भिजवून अडीच इंचांच्या चुंबळी वळल्या. प्रत्येक आंब्याखाली एक चुंबळ, आणि चुंबळ काडीच्या तुकड्यानं बैठकीला टाचलेली. आंबा तिच्यात देठाकडून किंचित तिरपा बसतो आणि चुंबळ त्याच्याखाली दिसत नाही. पट्ट्या आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ठेवाव्या लागतात. ओल्या सोपटाची चुंबळ वाळताना आकसते आणि सुटते.

टूथपिक पूर्ण बंद ठेवली. द्राक्षात किंवा लिंबात लपलेली टूथपिक लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते, एवढं कारण पुरे आहे. काड्या मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या.

अननस गोल टेबलांवरून काढून टाकले. उभा ठेवला तर उंची हाताबाहेर जाते, आडवा ठेवला तर तुरा कोणाच्या तरी कोपराला टोचतो. त्यात तो आपल्याकडचा नाही, बाहेरून ट्रकनं येतो आणि महाग पडतो. स्वागताच्या टेबलावर तीन अननस, दोन अर्धवट पिकलेल्या पपया आणि दोन कोरलेली टरबुजं ठेवली, एवढंच.

सगळी फळं आधी नळाखाली चोळून धुतली, मग घरगुती ब्लीचच्या पाण्यात. ५ टक्क्यांचं, बिनवासाचं द्रावण लिटरला २ मिली घेतलं की सुमारे १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) क्लोरीन होतो. दोन मिनिटं त्यात ठेवून पुन्हा साध्या पाण्यात खळबळून काढली. चकाकीसाठी तेलाचा हात फिरवायची पद्धत आहे, ती टाळलेली बरी. तेलावर धूळ बसते, आणि फळ हातात घेणाऱ्याला ते कळतं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं की पुरतं.

फळांसोबत थोडी फुलं घालावीत का, हाही प्रश्न निघाला होता. पिकलेली केळी, आंबा, पपई इथिलीन सोडतात आणि कार्नेशन, ऑर्किड यांसारखी फुलं त्यानं लवकर कोमेजतात. म्हणून फुलं नाहीत. केळफुलाचा जांभळा रंग त्यांची जागा भरून काढतो.

टरबुजाची साल

कोरायला तीन-चार किलोचं, लांबट, गडद सालीचं टरबूज घेतलं. पहाटे ताजं तोडलेलं टरबूज पाण्यानं इतकं तट्ट असतं की सुरीचं टोक लागताच चर्रकन तडकतं. एक दिवस सावलीत राहू द्यावं. फार पिकलेलं, आत रवाळ झालेलंही नको, त्याच्या पाकळ्या तुटतात.

बुडाची सेंटिमीटरभर चकती काढून बैठक सपाट करायची, लाल गर उघडा पडता कामा नये. वरच्या बाजूला सहा इंचांच्या गोलात सोलणीनं हिरवी साल पातळ काढली की खाली फिकट पोपटी थर लागतो. मध्ये दीड इंचाचं वर्तुळ, त्याभोवती पाच पाकळ्या, मग त्यांच्या फटींत पुढची रांग. सुरी ४५ अंशांत धरायची. सरळ धरली की पाकळी मुळाशी जाड आणि टोकाशी बोथट होते, आणि पुढची रांग कापताना निखळते. प्रत्येक रांगेमागची पाचर काढून टाकली की सावली पडते. फूल उठून दिसतं ते या सावलीमुळे. रंगाच्या मोहानं लाल गरापर्यंत गेलात की पाणी सुटायला सुरुवात. पांढऱ्या-पोपटी थरात थांबलेलं फूल रात्रभर टिकतं.

कोरीवकाम आदल्या रात्री झालं. ओल्या पातळ पंचात गुंडाळून, वर फिल्म लावून टरबुजं घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि साडेसहाला टेबलावर आली. त्यांचं ताट पाणी घातलेल्या परातीत ठेवलं होतं, त्यामुळे मुंग्या अडल्या.

कार्यक्रमाचा दिवस

बुंधे आदल्या दिवशीच तयार झाले होते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कैऱ्या, लिंबं, आंबे धुऊन वाळवले आणि केळफुलं ओल्या गोणपाटात ठेवली. दुपारी एकला केळी आली. अडीचला बैठका टेबलांवर मांडल्या, साडेतीनपासून फण्या, मग आंबे, शेवटी साडेपाचला केळफुलं. दोघी जोडीनं, एका टेबलाला सरासरी वीस मिनिटं. एकीनं फक्त फण्या लावायच्या आणि दुसरीनं बाकीचं, अशी वाटणी केल्यावर चौदाही टेबलं एकसारखी दिसली.

बिघडलं ते असं. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या दोन टेबलांवर पिवळ्या फणीची तीन-तीन केळी गळली. त्या दोन फण्या टेम्पोत वरच्या क्रेटमध्ये, उन्हाच्या बाजूला होत्या आणि उतरवणाऱ्या पोरानं केळ्यांना धरून उचलल्या होत्या. जादा आणलेल्या फण्या तिथं लावल्या. एका टेबलावर कापडाला डाग पडला, कारण बैठकीची फिल्म खालून फाटली होती आणि ताट किंचित कललेलं होतं. जाड जेवणाचा रुमाल ठेवून वेळ निभावली, पण त्या कापडाचे पैसे भाड्यातून वळते झाले.

तिसरी अडचण कोणाच्या ध्यानात नव्हती. साडेआठच्या सुमारास दोन कूलरमधलं पाणी संपलं आणि ते नुसती गरम कोरडी हवा फेकत राहिले. झोतासमोरच्या तीन टेबलांवरच्या केळफुलांची बाहेरची पानं उलटी वळून वाळली. इलाज सोपा निघाला, ते वाळलेलं पान ओढून काढायचं. खाली तसंच जांभळं, तुकतुकीत पान तयार असतं. आत दिसणारी कोवळी फुलं खुडून टाकली की झालं. कूलरमध्ये पाणी भरायची जबाबदारी मात्र आधीच कोणाच्या तरी नावावर लिहिलेली हवी, आणि झोत टेबलांच्या डोक्यावरून जाईल असा वळवलेला हवा.

मुलांनी लिंबं पळवली. आठाची पाच राहिली तरी फरक पडत नाही, म्हणूनच ती कडेला मोकळी ठेवलेली असतात.

साडेदहानंतर टेबलं उतरवताना आंबे, कैऱ्या आणि केळी पिशव्यांत घालून पाहुण्यांना दिली. कच्च्या फण्या आणि केळफुलं घरात भाजीला गेली. बुंधे फिल्म-सुतळी काढून गोठ्यात. टाकून द्यावं लागलं ते कोरलेल्या टरबुजांचं फूल आणि गळून पायदळी आलेली केळी, बाकी काही नाही. अननस-पपया दुसऱ्या दिवशी घरच्यांनी खाल्ल्या.

हीच मांडणी डिसेंबर-जानेवारीच्या लग्नात करायची तर बरीच उलटापालट करावी लागेल. आंबा-कैरी नाही. त्या जागी पेरू, बोरं आणि शहाद्याकडची पपई येईल, पपईचा हंगाम तेव्हा भरात असतो. उकाड्याचा प्रश्न संपतो, पण खानदेशात थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली जातो. उघड्या मंडपात रात्रभर ठेवलेल्या पिवळ्या फण्या सकाळी राखाडी दिसतील. तेव्हा केळी आदल्या रात्री घरात, गोणपाटाखाली ठेवावीत आणि सकाळी ऊन वर आल्यावरच मंडपात न्यावीत. मांडणी संध्याकाळची असली तरी चालेल, फक्त ती रात्री बाराच्या आत उतरवायचं आधी ठरवून घ्यावं.